दुचाकीची पृथ्वीप्रदक्षिणा : वाटेवरचीं विघ्नें आणि वाटेवरचीं माणसें

प्रवासाच्या पुस्तकांतून प्रवासी नेहमीं मोठा दिसतो आणि वाट लहान दिसते. आगगाडींत बसून जाणाऱ्याला तर वाट दिसतच नाहीं. खिडकीबाहेर पळणारीं झाडें आणि स्टेशनांच्या पाट्या एवढीच त्याची मुलुखाशीं ओळख. पायीं चालणाऱ्याला वाट पुरेपूर दिसते, परंतु पृथ्वी मोठी आणि आयुष्य लहान, म्हणून ती त्याच्यानें पुरी होत नाहीं. या दोघांच्या मध्यें एक तिसरा प्रवासी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत जन्मास आला. तो सायकलस्वार होय. त्याचा वेग असा कीं, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई त्याला दिसते आणि तोहि तिला दिसतो. त्याचें वाहन असें कीं, तें केव्हां मोडेल याचा नेम नाहीं. आणि मोडलें म्हणजे त्याच विहिरीवर जाऊन पाणी मागावें लागतें आणि त्याच गांवच्या लोहाराचें दार ठोठवावें लागतें. म्हणून दूरच्या सायकलप्रवासांचा इतिहास हा जितका धाडसी तरुणांचा, तितकाच तो रस्त्यांचा आणि रस्त्यांवरच्या अनामिक माणसांचाहि आहे. ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाहीं.

ता. २२ एप्रिल १८८४ रोजीं सकाळीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅनफ्रान्सिस्को शहरांतून टॉमस स्टीव्हन्स नांवाचा एकोणतीस वर्षांचा तरुण पूर्वेकडे निघाला. त्याचा जन्म १८५४ सालीं इंग्लंडांतील बर्कमस्टेड या गांवीं झाला होता. तरुणपणीं तो अमेरिकेंत आला आणि वायोमिंगांत रेल्वेच्या कारखान्यांत व कोलोरॅडोंत खाणींत काम करून त्यानें पोट भरलें. सायकलवर बसावयास तो प्रवासाला निघण्यापूर्वीं थोडेच दिवस शिकला होता. बरोबरचें सामान एका लहानशा पिशवींत मावेल इतकें : पायमोजे, एक जादा सदरा, एक पिस्तुल आणि एक पावसाळी अंगरखा. हाच अंगरखा रात्रीं अंथरूण होई आणि प्रसंग पडल्यास तंबूहि होई. राजाश्रय नाहीं, संस्थेचें पाठबळ नाहीं, मागें खर्चास पैसा पुरविणारा कोणी धनिक नाहीं, अशा स्थितींत या मनुष्यानें पृथ्वीप्रदक्षिणेस आरंभ केला.

त्याचें वाहन आजच्या सायकलीसारखें नव्हतें. श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें असें एक यंत्र आणावें कीं, ज्याचें पुढचें चाक पन्नास इंच उंचीचें आहे, मागचें चाक त्यामानानें अगदीं लहान आहे, आणि बसणारा पुढच्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसलेला आहे. सांखळी नाहीं. पायटे थेट पुढच्या चाकाच्या आंसालाच बसविलेले. पाय एकदां फिरला कीं चाक एकदां फिरावें आणि सुमारें तेरा फूट वाट मागें पडावी, असा सरळ हिशेब. म्हणजे एक मैल जाण्यास चारशें वेळां पाय फिरविणें आलें. चाकाची धांव भरीव रबराची. तिच्यांत हवा नसल्यामुळें ती फुटण्याची भीति नव्हती, परंतु वाटेंतील प्रत्येक खड्याचा निरोप ती थेट स्वाराच्या मणक्यापर्यंत पोंचवी. या यंत्राचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याचा तोल. पुढच्या चाकाला दगड, खड्डा किंवा वाळूचा ढीग अचानक आडवा आला कीं चाक जागच्या जागीं थांबे आणि मागचें चाक, बैठक व बैठकीवरील स्वार हे सर्व पुढें उलटत. मराठींत ज्याला तोंडघशीं पडणें म्हणतात, तें या वाहनावर अक्षरशः होई.

अमेरिकेच्या पश्चिम भागांत त्या काळीं सलग रस्ते असे नव्हतेच. बैलगाड्यांच्या जुन्या वाटा, कालव्यांच्या कांठच्या पायवाटा आणि रेल्वेचा रूळमार्ग हाच स्टीव्हन्सचा राजमार्ग होता. सिएरा नेवाडा पर्वतांत बर्फापासून रुळांचें रक्षण व्हावें म्हणून रेल्वेनें मैलोगणती लांकडी छपरें उभारलीं होतीं. बाहेर बर्फ, आंत अंधार. त्या अंधारांतून हा गृहस्थ आपलें उंच यंत्र ढकलीत चालला. आगगाडी आली कीं यंत्रासह लांकडी भिंतीशीं चिकटून उभें राहावयाचें आणि धूर निवळेपर्यंत श्वास रोखावयाचा. एकदां तर तो रुळांच्या लांकडी पुलावर असतांनाच गाडी आली. पुलावर बाजूस सरण्यास जागा नव्हती. तेव्हां एका हातानें पुलाच्या लांकडास धरून आणि दुसऱ्या हातांत सायकल लोंबकळत ठेवून त्यानें तो प्रसंग निभावला. गाडी डोक्यावरून गेल्यानंतर तो पुन्हां वर चढला आणि चालूं लागला. पुढें मैदानी मुलखांत एका खुळखुळ्या सापानें त्याला दंश केला, परंतु तो दंश पायांवरच्या जाड कापडी वेष्टनांत अडकला आणि स्वार वांचला.

ता. ४ ऑगस्ट १८८४ रोजीं तो पूर्व किनाऱ्यावरील बोस्टन शहरीं पोंचला. सुमारें ३,७०० मैलांची ही मजल होती. प्रत्यक्ष वाटचालीचे दिवस साडेत्र्याऐंशीं आणि पावसापाण्यामुळें थांबावें लागलें ते वीस, असा त्याचा जमाखर्च. अमेरिका खंड सायकलनें ओलांडणारा तो पहिला मनुष्य. पण या पराक्रमांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. या वाटेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्याला सायकलवर बसून जातां आलाच नाहीं. सायकलीला हातीं धरून तो पायीं चालला. ज्या वाहनानें आपल्याला न्यावें, त्या वाहनाला आपणच न्यावयाचें, ही विद्या दूरच्या प्रवासांत प्रथम शिकावी लागते. जो ती शिकला नाहीं, तो पहिल्याच डोंगराच्या पायथ्याशीं परत फिरला असता.

हिवाळा न्यूयॉर्क येथें घालवून आणि ‘औटिंग’ नांवाच्या मासिकाचा बातमीदार होऊन तो १८८५ च्या एप्रिलांत जहाजानें इंग्लंडास निघाला. ता. ४ मे रोजीं लिव्हरपूल येथून प्रदक्षिणेचा दुसरा अध्याय सुरू झाला. इंग्लंडांतील रस्ते पाहून तो हरखून गेला. अमेरिकेंत रुळांवरून आणि वाळूंतून ठेंचकाळत आलेल्या या स्वाराला दगडी खडीचे सपाट रस्ते म्हणजे गालिचेच वाटले. वाटेंत त्याचें जन्मगांव लागलें. पुढें फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी असा तो चालला. हंगेरींत स्वेतोझार इगाली नांवाचा तेथील एक सायकलस्वार त्याला कांहीं दिवस सोबतीस मिळाला. येथवरच्या प्रदेशांत सायकल म्हणजे काय हें लोकांना ठाऊक होतें. स्वाराकडे लोक पाहात, टोप्या उंचावीत आणि आपापल्या कामास लागत.

तुर्कस्तानांत पाऊल पडलें आणि सर्व चित्र पालटलें. कॉन्स्टँटिनोपल येथें त्यानें चाकाच्या जादा तारा, रबर आणि एक अधिक चांगलें पिस्तुल घेतलें. पुढच्या वाटेवर लुटारूंचा उपद्रव असल्याच्या बातम्या होत्या, त्या निवळेपर्यंत तो थांबला आणि मग अनातोलियाच्या पठारावर चढला. तेथील खेड्यांतील लोकांनीं असें वाहन कधीं पाहिलें नव्हतें. आतांपर्यंत स्टीव्हन्स वाटेवरचे देखावे पाहात होता; आतां तो स्वतःच देखावा झाला. गांवांत शिरतांच सर्व गांव भोंवतीं गोळा होई. ‘बिन, बिन’ म्हणजे ‘चढ, चढ’ असा एकच घोष होई. स्वार थकलेला आहे, भुकेला आहे, भोंवतालची जमीन दगडधोंड्यांची आहे, या सबबी कोणी ऐकत नसे. बसून दाखवावें तर पडण्याचें भय. न दाखवावें तर हा लोकांना फसवितो असा संशय. दाखविल्यानंतरहि सुटका नसे, कारण जे उशिरा आले त्यांच्यासाठीं तोच खेळ पुन्हां करावा लागे. रस्त्यावर उंटांचे आणि खेंचरांचे तांडे भेटत. माणसें कुतूहलानें जवळ येत, तर जनावरें भयानें उधळत. उंच चाकावर अधांतरीं तरंगत येणारा मनुष्य पाहून खेंचरांनीं ओझें टाकून पळ काढला, तर त्यांत त्यांचा तरी काय अपराध?

परंतु हाच गर्दी करणारा गांव संध्याकाळीं त्याला उपाशी निजूं देत नसे. भाकरी आणि दहीं पुढें येई. निजण्यास गांवांतील पाहुण्यांची जागा किंवा सराईतील कोपरा मिळे. जवळ पैसा थोडा, भाषा येत नाहीं, धर्म निराळा, वेष विचित्र, वाहन त्याहून विचित्र. असा मनुष्य शेंकडों मैल निर्धास्त जाऊं शकला याचें श्रेय पिस्तुलाला द्यावें कीं दह्याला, हा प्रश्न त्याच्या पुस्तकाच्या वाचकानें स्वतःस विचारावा. पिस्तुलानें एखादा दिवस निभावतो. रोजची भूक पिस्तुलानें भागत नाहीं.

आर्मेनियाच्या आणि कुर्द लोकांच्या डोंगराळ मुलखांतून तो इराणांत उतरला. इराणांतील लोक त्याच्या वाहनाला लोखंडी घोडा म्हणत. तेहेरान येथें त्यानें हिवाळा काढला. तेथील शहा नासिरुद्दीन यानें त्याला आपल्यासमोर सायकल चालवावयास लावलें. म्हणजे ‘चढ, चढ’ ही आज्ञा खेड्यांतील पोरांनीं केली तशीच सिंहासनावरूनहि झाली. ता. १० मार्च १८८६ रोजीं तो पुन्हां निघाला. सैबेरियांतून जाण्यास रशियाच्या सरकारनें परवानगी दिली नाहीं, म्हणून त्यानें अफगाणिस्तानांतून हिंदुस्थानांत उतरण्याचा बेत केला. परंतु तो काळ वाईट होता. १८८५ सालीं पंजदेह येथें रशियन आणि अफगाण सैन्यांची चकमक उडाली होती. रशिया आणि इंग्लंड यांच्यांत युद्ध पेटतें कीं काय अशी स्थिति येऊन गेली होती आणि सरहद्दीची आंखणी अजून चालूच होती. अशा वेळीं एक गोरा मनुष्य चाकावर बसून सरहद्द ओलांडतो, तो केवळ हवा खाण्यासाठीं, हें कोणास खरें वाटणार? फराह येथें त्याला अडकवून ठेवण्यांत आलें, तेथून हेरातकडे नेण्यांत आलें आणि अखेर पुन्हां इराणच्या हद्दींत सोडून देण्यांत आलें. वाळवंटानें आणि बर्फानें ज्याची वाट अडविली नाहीं, त्याची वाट नकाशावरच्या एका रेघेनें अडविली. मग कास्पियन समुद्र, बाकू, बाटूम, कॉन्स्टँटिनोपल असा उलटा वळसा घालून तो आगबोटीनें हिंदुस्थानास आला आणि लाहोर येथून त्यानें आपलें चाक पुन्हां जमिनीस लावलें.

लाहोर ते कलकत्ता हा मार्ग म्हणजे उत्तर हिंदुस्थानचा पुरातन महामार्ग. शेरशहानें सोळाव्या शतकांत त्याची नीट व्यवस्था लावली, मोगलांनीं ती राखली आणि इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत तो नव्यानें बांधून काढला. आग्र्याहून दिल्लीकडे आणि दिल्लीहून लाहोरकडे जातांना वाटेच्या कडेला मोगलांच्या वेळचे कोसमिनार उभे दिसत. त्यांतले पुष्कळ आजहि उभे आहेत. चुनखडीचे कंकर ठोकून केलेला तो सपाट, कठीण रस्ता आणि त्यावर पसरलेली झाडांची सांवली पाहून स्टीव्हन्स खूष झाला. उकाड्याविषयीं मात्र त्यानें सारखी कुरकुर केली. अमृतसर, अंबाला, दिल्ली, आग्रा, कानपूर, अलाहाबाद, काशी अशीं एकामागून एक नगरें मागें टाकीत तो कलकत्त्यास पोंचला. ज्या देशाविषयीं पश्चिमेंत रानांच्या आणि वाघांच्या गोष्टी सांगत, त्याच देशांत त्याला आपल्या प्रवासांतील उत्तमांपैकीं एक रस्ता मिळाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रस्ता हा एका राजाचा नसतो. तो पिढ्यान् पिढ्या राखणाऱ्यांचा असतो. प्रवासी त्यावरून एकदांच जातो. झाडाला पाणी घालणाऱ्याचें नांव त्याच्या पुस्तकांत येत नाहीं, पण सांवली मात्र येते.

चीन देशांत त्याच्यावर खरें संकट आलें. कॅन्टनहून निघून तो उत्तरेस किउकियांग या बंदराकडे चालला होता. फ्रान्स आणि चीन यांचें युद्ध १८८५ सालींच संपलें होतें आणि परकी गोऱ्याविषयींचा राग लोकांच्या मनांत ताजा होता. कानचाऊफू या शहरांत, ज्याला आतां गांझाऊ म्हणतात, जमाव त्याच्यामागें लागला आणि त्याच्यावर दगडांचा वर्षाव झाला. तेथील चिनी अधिकाऱ्यांनीं त्याला आपल्या कचेरींत आश्रय दिला, तिच्याबाहेर जमाव आरडाओरडा करीत असतां त्याचें रक्षण केलें, आणि मग नदीनें होडींतून पुढें रवाना केलें. ज्या शहरानें दगड मारले त्याच शहरानें प्राणहि वांचविले. एकाच गांवांत दोन प्रकारचीं माणसें असतात, ही साधी गोष्ट प्रवाशाला संकटाच्या वेळींच कळते. पुढें जपानांत त्याला सुंदर रस्ते आणि सौम्य लोक भेटले, आणि ता. १७ डिसेंबर १८८६ रोजीं योकोहामा येथें त्याची प्रदक्षिणा पुरी झाली. समुद्राचा प्रवास वगळून सुमारें १३,५०० मैल त्यानें चाकावर आणि चाकाबरोबर काटले होते.

त्याचें प्रवासवर्णन १८८७ आणि १८८८ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झालें. तें आजहि वाचनीय आहे, परंतु तें सावधपणें वाचावें लागतें. आशियांतील लोकांविषयीं लिहितांना त्याची लेखणी पुष्कळदां त्याच्या चाकाइतकीच उंच होते आणि तेथून खालीं पाहते. गर्दी त्याला त्रास वाटते. त्या गर्दीला तो स्वतः केवढें अद्भुत वाटला असेल याचा विचार त्याला क्वचितच सुचतो. तथापि एक गुण त्याच्यांत निःसंशय आहे. ज्यानें भाकरी दिली त्याची नोंद तो करतो, आणि स्वतः तोंडघशीं पडला तर तेंहि लपवीत नाहीं. या दोन सवयींमुळें त्याच्या गर्विष्ठ वाक्यांच्या मधून त्या काळच्या साध्या माणसांचीं चित्रें आपणांस दिसतात. इतिहास पुष्कळदां असाच हातीं लागतो. लिहिणाऱ्याच्या मनांत नसतांहि लिहिला जातो.

स्टीव्हन्स प्रवासांत असतांनाच त्याचें यंत्र जुनें होत चाललें होतें. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ले यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या आकाराचीं आणि मागचें चाक सांखळीनें फिरणारें अशी ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यानें हवेनें भरलेल्या रबरी धांवेचें पेटंट घेतलें. उंचावरून तोंडघशीं पडणें संपलें. परंतु एक विघ्न गेलें कीं दुसरें त्याच्या जागीं येऊन बसतें. नव्या सायकलला कांटा सोसेना. फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकन बाई आणि तिचा नवरा यांनीं १८९७ पासून कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत हिंदुस्थानांत सायकलनें मोठा प्रवास केला. देवळें आणि शिल्पें पाहणें हा त्यांचा हेतु होता. पण कांहीं दिवशीं चाळीसपर्यंत पंक्चरें त्यांना दुरुस्त करावीं लागलीं. देवळाकडे जाण्याच्या मार्गांत प्रत्येक फर्लांगावर रस्त्याकडेला बैठक मारून, गुडघ्यावर रबरी नळी घेऊन, ठिगळ लावीत बसलेली ती बाई पाहण्यास किती गांवें जमलीं असतील याची कल्पना आपण करूं शकतों. इंग्लंडचे फ्रेझर, लन आणि लो हे तिघे १८९६ सालीं लंडनहून निघाले आणि ७७४ दिवसांत १९,२३७ मैल हिंडून, सतरा देश पाहून, १८९८ सालीं सुखरूप घरीं परतले.

सर्वांच्याच नशिबीं असें सुखरूप परत येणें नव्हतें. अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहराचा फ्रँक लेन्झ हा तरुण १८९२ सालीं नव्या धर्तीची सायकल आणि छायाचित्रांचा कॅमेरा घेऊन एकटाच निघाला. ज्या मासिकानें स्टीव्हन्सला बातमीदार केलें होतें त्याच मासिकाचा हाहि बातमीदार. अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान आणि इराण इतकी वाट त्यानें पुरी केली. १८९४ च्या मे महिन्यांत तो ताब्रीझहून एर्झुरुमच्या दिशेनें तुर्कस्तानांत शिरला आणि त्यानंतर कोणास दिसला नाहीं. पुढच्या वर्षीं विल्यम सॅक्टलेबेन हा त्याच्या शोधास गेला. याच सॅक्टलेबेननें आपला मित्र ॲलन याच्यासह आशिया खंड सायकलनें ओलांडून १८९३ सालीं प्रवास पुरा केला होता, त्यामुळें हा मुलूख त्याच्या पायांखालचा होता. लेन्झचा खून झाला हें त्याला कळलें, पण त्याचें शव सांपडलें नाहीं.

येथें विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, स्टीव्हन्सला ज्या डोंगराळ मुलखानें दहीं-भाकरी दिली, त्याच मुलखांत अवघ्या नऊ वर्षांनीं लेन्झ मारला गेला. लेन्झचें वाहन अधिक चांगलें होतें. वाटेची माहिती अधिक होती. तोहि धाडसी होता. मग फरक कशांत पडला? त्या दोन वर्षांत तेथें आर्मेनियन लोकांच्या कत्तलींचें पर्व सुरू होत होतें. गांव गांवाकडे संशयानें पाहूं लागला होता आणि राज्याचा कायदा नांवापुरता उरला होता. जेथें शेजाऱ्याला शेजाऱ्याचें भय वाटतें, तेथें वाटसरूला कोण राखणार? प्रवाशाचें रक्षण त्याच्या चाकानें होत नाहीं. गांवच्या शांततेनें होतें. ज्या देशांत परका मनुष्य रात्रीं दार ठोठावूं शकतो तो देश सुखी, मग त्याचे रस्ते कितीहि खडबडीत असोत.

या इतिहासांतील एक पान आपल्या मुंबईचेंहि आहे. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबांतील सहा पारशी तरुण ता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सायकलनें पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमान कापडिया हीं त्यांचीं नांवें. हातीं नीट नकाशे नाहींत, खिशांत फारसा पैसा नाहीं. दिल्ली, पंजाब, बलुचिस्तान या वाटेनें ते इराणांत गेले. बगदाद ते अलेप्पो हें सुमारें सहाशें मैलांचें वाळवंट त्यांनीं तेवीस दिवसांत ओलांडलें. तहानेनें त्यांच्या जिभा सुजल्या. पुढें यूरोप, इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि सयाम असा त्यांचा मार्ग होता. कापडिया तेहेरानहून घरीं परतले; हाथीराम अमेरिकेंतच राहिले; पोचखानावाला यांनींहि मध्येंच प्रवास सोडला. हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे ब्रह्मदेशावरून ता. १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परत आले. त्यांच्या हिशेबाप्रमाणें चव्वेचाळीस हजार मैल झाले होते आणि साडेचार वर्षें होत आलीं होतीं. १९३१ सालीं निघालेल्या त्यांच्या पुस्तकाला पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं प्रस्तावना लिहिली.

स्टीव्हन्स ज्या अर्थानें जग पाहावयास निघाला, त्याहून या तरुणांच्या प्रवासाचा अर्थ निराळा होता. तोंवर हिंदुस्थान हा प्रवासवर्णनांत रस्त्याच्या कडेला उभा असलेला देश होता; गोरा प्रवासी येई, पाही आणि लिही. १९२३ सालीं त्याच रस्त्याच्या कडेचा मनुष्य स्वतः चाकावर बसला आणि यूरोपच्या व अमेरिकेच्या खेड्यांना त्यानें डोळे भरून पाहिलें. तेथील लोकहि त्याच्याभोंवतीं गोळा झाले असतील. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा बदलल्या. जे प्रवास मध्येंच सोडून परतले त्यांनाहि या यशांतून वगळतां येणार नाहीं. सहा जण निघाले म्हणूनच तिघे पोंचूं शकले.

स्टीव्हन्स १९३५ सालीं लंडन येथें वारला. त्याची ती उंच चाकाची सायकल बनविणाऱ्या कारखानदारांनीं जपून ठेवली होती. परंतु दुसऱ्या महायुद्धांत लोखंडाची टंचाई पडली तेव्हां ती मोडींत गेली. ज्या यंत्रानें जगाला एकदां वेढा घातला, त्याचें लोखंड बहुधा तोफेंत किंवा जहाजांत मिसळलें. कोसमिनार मात्र उभे आहेत. अनातोलियाच्या खेड्यांतील दह्याचें भांडें, चिनी अधिकाऱ्याच्या कचेरीचें उघडलेलें दार, कंकराच्या रस्त्यावरची सांवली यांचें स्मारक कोठेंहि नाहीं. तें त्या पुस्तकांतील दोन-चार ओळींतच आहे. एखादा धुळीनें माखलेला अनोळखी सायकलस्वार कोणाच्या अंगणाशीं थांबून पाणी मागेल, तेव्हां त्या घरानें हा इतिहास आठवावा. एवढा मोठा प्रवास अखेर अशाच एकेका तांब्याभर पाण्यावर पुरा होत असतो.